आजोबांचे नाव लपवू नका!

गेल्या महिन्यात इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे एका समाजबांधवाच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. गृहस्थ कारखान्यातील नोकरीतून निवृत्त झालेले. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची प्रतिमा, बाजूला माता रमाई. चहा होईपर्यंत त्यांनी कॉटखालची लोखंडी पेटी ओढली आणि त्यातले कागद आमच्यापुढे मांडले. नातीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. जात वैधता प्रमाणपत्रासाठी पणजोबापर्यंतचे पुरावे जोडायचे होते, आणि ते जोडताना एक विचित्र अडचण उभी राहिली होती.

गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, ज्याला आपले लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात, १९४९ सालची नोंद होती. बापाचे नाव केरू, जात महार, मुलगा झाला, नाव धोंडी. शाळेच्या दाखल्यावर मात्र नाव होते अशोक. धोंडी आणि अशोक ही एकच व्यक्ती कशावरून, असा प्रश्न एका कार्यालयातील टेबलामागच्या माणसाने विचारला होता. गृहस्थ आम्हाला म्हणाले, "साहेब, धोंडीही मीच आणि अशोकही मीच. छप्पन साली बाबासाहेबांनी धम्म दिला. सत्तावन्न साली बापाने मला शाळेत घातलं. गुरुजींनी नाव विचारलं तर बाप म्हणाला, लिहा अशोक. आता हे त्या साहेबाला कसं समजावून सांगू?"

त्यांची नात शेजारी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आबा, तुमचं नाव धोंडी होतं हे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाही." म्हातारा गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "काय सांगायचं पोरी, लाज वाटायची."

आजचा हा लेख त्या लाजेबद्दल आहे.

आम्हाला विचारायचे आहे की, ही लाज नेमकी कुणाची? धोंडी हे नाव ज्याला मिळाले त्याची, की ज्या व्यवस्थेने आमच्या घरातील पोरांना दगड, धोंडा, केर, कचरा अशी नावे ठेवायला भाग पाडले तिची? चोरी एकाने करायची आणि मान खाली दुसऱ्याने घालायची, हा न्याय या देशात हजारो वर्षे चालला. आपल्या आज्या-पणज्यांच्या नावांबाबतही तोच न्याय आपण स्वतःच्या हाताने चालवतो आहोत. हे थांबले पाहिजे.

मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढून पाहा. नामकरणाचा कायदाच तेथे सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक असावे, वैश्याचे धनवाचक असावे आणि शूद्राचे नाव किळस वाटेल असे असावे, असे एकतिसावा श्लोक सांगतो. पुढच्याच श्लोकात नावाच्या शेपटाची वाटणी केली आहे, तेथे शूद्राच्या वाट्याला चाकरी दाखविणारा शब्द आला आहे. शूद्राला ही गत, मग वर्णाच्याही बाहेर ढकललेल्यांचे काय विचारता? बाबासाहेबांनी हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करताना नावाच्या या नियमांवर नेमके बोट ठेवले आहे. ज्या ग्रंथाने जन्मलेल्या बाळाच्या पाळण्यात विष कालवले, तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, हे योग्यच झाले.

यावर काही विद्वान लगेच सांगतील की, अहो, धोंडू आणि भिकू ही नावे तर उच्चवर्णीयांच्या घरीही होती. मूल जगत नसले की नजर लागू नये म्हणून ओबडधोबड नाव ठेवायची रीत सगळ्याच जातींत होती. खरे आहे. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होतेच. आम्ही खोटे बोलून वाद जिंकू इच्छित नाही. पण पुढचे पाहा. त्यांच्या घरातला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होतो, आमच्या घरातला धोंडिबा साठीला पोचला तरी गावासाठी धोंड्याच राहतो. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोरानेही त्याला 'ए धोंड्या' म्हणावे आणि त्याने वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे! म्हणजे फरक नावात कमी होता, हाकेत जास्त होता. पंत, राव, साहेब हे शेपूट कुणाला लागायचे आणि 'या'चा हेल कुणाच्या नावाला लागायचा, यावर गावाची सारी उतरंड उभी होती. ही हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना मनुस्मृती वाचायची गरज पडली नाही.

आणि आपल्या जुन्या नावांत नुसती अवहेलनाच होती असेही नाही. सोमा, मंगळा, बुधा, गुरबा ही नावे काय सांगतात? त्या घरात पंचांग नव्हते, घड्याळ नव्हते, तारीख लिहून ठेवणारा कुणी नव्हता. आईला एवढेच आठवत होते की पोर सोमवारी झाले. तोच तिचा जन्मदाखला. पुढे शाळेत गेल्यावर गुरुजींनी सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहून टाकली. आपल्यातील कितीतरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस कागदावर एकाच दिवशी येतो! त्या एक जूनपेक्षा आईने दिलेला सोमवार अधिक खरा होता. भिकाजी या नावामागे आधी मेलेल्या लेकरांचा हिशेब असतो. नकुशा या नावामागे पाठोपाठच्या मुली आणि मुलाची वाट पाहणारे घर असते. ही नावे म्हणजे निरक्षर आईबापांनी लिहिलेली बखर आहे. ती वाचायला आपण शिकलो नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एका जिल्ह्यात नको असलेल्या इतक्या लेकी! नवे नाव मिळाले हे चांगलेच झाले. परंतु नाव बदलले म्हणून घरातली नजर आपोआप बदलत नाही, हेही सांगितले पाहिजे. नाव बदलणे ही पहिली पायरी असते. तिथेच बसून राहणाऱ्याला ती कुठेच नेत नाही.

पुन्हा वालचंदनगरकडे येऊ. या गावाचे नावच पाहा. नीरेकाठच्या कळंबच्या परिसरात १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला आणि वसाहतीला मालकाचे, वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेला हा माणूस रेल्वेचा ठेकेदार म्हणून वर आला. पुढे जहाज, विमान आणि मोटारीच्या धंद्यात त्याने इंग्रजांच्या मक्तेदारीला टक्कर दिली. त्याचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. त्याचे नाव टपालाच्या शिक्क्यावर आले, एसटीच्या पाटीवर आले, शाळेच्या दाखल्यावर आले. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांनी येथली माळराने फोडली, पाया खणला, भट्टीपुढे अंग भाजून घेतले, त्यांची नावे कुठे आहेत? ती हजेरीच्या मस्टरवर होती. मस्टर जुने झाले की रद्दीत जाते. पाटी मात्र राहते.

आणि मस्टरवर नाव येणारे तरी बरे म्हणायचे. बारामती-इंदापूरचा हा पट्टा साखरेचा. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी, कुठेही हंगामात जाऊन बघा. बीड-नगरकडून आलेल्या टोळ्या फडात उतरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. किती माणसे आणली असे विचारत नाहीत, किती कोयते आणले असे विचारतात. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. त्यातल्या बाईचे नाव तर बहुधा कुठेच लिहिले जात नाही. ती अर्धा कोयता! माणसाच्या हातातल्या हत्याराचे नाव माणसालाच देऊन टाकले की, त्याच्याशी माणसासारखे वागण्याची जबाबदारी संपते. मनूला हे कळत होते, मुकादमालाही कळते.

आता याच पुणे जिल्ह्यातील दुसरी दोन ठिकाणे पाहू. लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरली आहेत. शेठ-सावकार आहेत, यवन आहेत, आणि प्रवेशद्वार घडविणारा धेनुकाकटचा सुतारही आहे. त्याचे नाव सामी, बापाचे नाव वेणुवास. सुताराचे नाव आणि सुताराच्या बापाचे नाव! जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नोंद आहे. हातांनी काम करणाऱ्या माणसाचे नाव, गाव आणि धंदा सन्मानाने कोरून ठेवण्याची ही रीत बुद्धाच्या संघाने या मातीत रुजवली होती. पुढे ती कुणी उखडली, हे सांगायला नको.

दुसरे ठिकाण कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८च्या लढाईचा विजयस्तंभ. त्यावरील नावांत २२ नावे 'नाक'ने संपतात. हे नाक म्हणजे नायकाचे रूप, असे काही अभ्यासक मानतात. महारांच्या नावाला लागणारे हे नाक पेशवाईच्या कागदपत्रांतही ठिकठिकाणी भेटते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहिले. त्या नावांमध्ये त्यांनी आपल्या माणसांना ओळखले आणि आपल्यालाही ओळखायला शिकवले. विचार करा, त्या स्तंभावरची नावे जर कुणी 'जुनाट' म्हणून खरवडून काढली असती, तर आज लाखो लोक तेथे कुणाला मानवंदना द्यायला गेले असते? मग आपल्याच घरातल्या केरूचे, राणूचे, धोंडीचे नाव आपण का खरवडतो?

बाबासाहेबांना नावाची ताकद पुरती ठाऊक होती. त्यांच्या स्वतःच्या नावाचा प्रवासच पाहा. घरात भिवा. वडील सुभेदार रामजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर नाव पडले, भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. एका लहानशा खेड्याच्या नावातून निघालेले हे आडनाव आज जगभरच्या विद्यापीठांत घेतले जाते. आडनाव मोठे नव्हते, माणसाने ते मोठे केले.

आणि संस्था काढताना त्यांनी कोणती नावे निवडली? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि त्या परिसराला नागसेनवन. घराचे नाव राजगृह. यात एकही नाव सहज ठेवलेले नाही. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. प्रश्न विचारण्यात त्याला कुणी हरवू शकत नव्हते, भिक्खू नागसेनाने त्याला उत्तरे दिली. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव परिसराला! शिक्षण म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी दोन नावांत सांगून टाकले. धर्मांतराच्या आधीच त्यांनी आपल्याला नवी नावे उच्चारायला शिकवले होते.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जे घडले ते आकाशातून पडले नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांच्या घरी पुढच्या वर्षी पाळणे हलले तेव्हा त्यांत गौतम होते, सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक होते. सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा, प्रज्ञा होत्या. केरूच्या पोटी अशोक! कुणी कायदा केला नव्हता, कुणी अनुदान दिले नव्हते. ज्यांना अक्षर येत नव्हते अशा बापांनी शाळेच्या दारात उभे राहून गुरुजींना सांगितले, लिहा अशोक. एवढी मोठी नामांतराची चळवळ जगात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. अमेरिकेत माल्कमने गुलामीत मिळालेले 'लिटल' हे आडनाव टाकले आणि हिरावून घेतलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी 'एक्स' लावला. तामिळनाडूत पेरियार आणि त्यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ साली नावामागची जातीची बिरुदे सोडून दिली. आपल्या आजोबांनी यांच्यातले कुणाचे अनुकरण केले नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की, आपले नाव आपण ठेवायचे.

आणि नावासाठी या समाजाने काय किंमत मोजली, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे यांना जीव गमवावा लागला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षे! जे म्हणतात नावात काय ठेवले आहे, त्यांनी हे उत्तर पोचीरामच्या घरी जाऊन द्यावे.

परंतु आज आपल्या घरात काय चालले आहे? हे बोलणे काहींना झोंबेल, तरी बोलले पाहिजे. बाळ जन्मले की कुणीतरी हळूच राशीचे अक्षर विचारून येतो. 'च'वरून की 'ल'वरून? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही अक्षरे आली कुठून? कुणी दूरचित्रवाणीच्या मालिकेतले नाव उचलतो, त्याचा अर्थ विचारला तर आईलाही सांगता येत नाही, बापालाही नाही. आणि जेथे बौद्ध नाव ठेवले आहे तेथे तरी मुलाला त्याचा अर्थ माहीत असतो काय? सुजाता नावाच्या मुलीला तिने कुणाला खीर दिली होती हे ठाऊक असते काय? उपाली नावाच्या मुलाला हे ठाऊक असते काय की, त्या नावाचा न्हावी संघात आला, विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्याच्याच तोंडून विनय सांगितला गेला? सुनीत हा झाडलोट करणारा होता आणि तो स्थविर झाला, हे आपण लेकरांना सांगतो काय? अर्थ न सांगता ठेवलेले नाव म्हणजे कुलूप लावलेली पेटी. आत काय आहे हे न कळताच मूल ती आयुष्यभर वाहते.

दुसरे दुखणे आडनावाचे. पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या आपल्या तरुणाला पहिला प्रश्न विचारतात, पूर्ण नाव काय? त्याने नाव सांगितले आणि त्यातून काही कळले नाही की दुसरा प्रश्न येतो, गाव कोणते? त्यातूनही कळले नाही तर तिसरा, मटण-मच्छी खाता काय? ही चौकशी कशाची आहे हे दोघांनाही माहीत असते. मग काही जण आडनाव बदलतात, गावावरून 'कर' लावतात, काही नुसतेच बापाचे नाव लावतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलणे हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क आहे. बाबासाहेबांच्याच आडनावाला गावाचे नाव आहे. जोतीरावांच्या घराण्याचे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुलांच्या व्यवसायावरून फुले झाले. आडनावे बदलत असतात. प्रश्न हेतूचा आहे. स्वाभिमानाने उचललेले नाव वेगळे आणि भीतीने पांघरलेले नाव वेगळे. पहिले माणसाला उभे करते, दुसरे त्याला रोज दचकवते. पांघरूण कधी सरकेल याची धास्ती घेऊन किती वर्षे झोपणार?

आता त्या लोखंडी पेटीतील कागदांकडे वळू. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. म्हणजे दीक्षेच्या आधीचे. आपण बौद्ध झालो, १९९० साली केंद्राने बौद्धांनाही सवलती लागू केल्या, पण वैधता सिद्ध करायची तर त्या जुन्या कागदावरचा केरू आणि धोंडीच साक्षीला उभा राहतो! ज्याचे नाव सांगायला आपण लाजलो, तोच पणजोबा पणतीचे बोट धरून तिला महाविद्यालयाच्या दारापर्यंत घेऊन जातो. या विचित्र न्यायावर हसावे की रडावे? आम्ही म्हणतो, त्या म्हाताऱ्याला आधी जय भीम घाला.

कागद कुठे मिळतात, हेही सांगून ठेवतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुनी जन्ममृत्यूची नोंदवही असते, तो गाव नमुना १४. प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर असते. महार वतनाच्या जमिनीचे उतारे आणि फेरफार असतात. वतने १९५८च्या कायद्याने गेली, पण त्या फेरफारांत अमुक बिन तमुक अशी बापलेकांची साखळी लिहिलेली असते. ज्याला आपण हाडकी-हाडवळा म्हणून विसरलो त्या तुकड्याच्या कागदावर आपल्या चार पिढ्यांची नावे आहेत. वर्षानुवर्षे हे कागद वाळवी खाते आहे. प्रवेशाचा हंगाम आला की धावाधाव करण्यापेक्षा आजच नकला काढून ठेवा.

त्या बिन-साखळीत एक मोठी खोट मात्र आहे. तिच्यात आई नाही. त्या दिवशी आम्ही नातीला विचारले, केरूच्या बायकोचे नाव काय? तिला माहीत नव्हते. तिच्या बापालाही नव्हते. आबांना आठवले, त्यांच्या आईचे नाव होते चांगुणा. पण चांगुणाच्या सासूचे नाव त्यांनाही सांगता आले नाही. ती सगळ्यांसाठी नुसती 'आय' होती. उन्हातान्हात राबलेली, उपाशी राहून पोरे वाढवलेली बाई तीन पिढ्यांत पुसली गेली! महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात बाळाच्या नावानंतर आईचे नाव, मग बापाचे आणि मग आडनाव असा क्रम लावला आहे. हे स्वागतार्ह आहे. पण आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणून आईच्या नावाने ओळखले जाणारे सातवाहन राजे याच महाराष्ट्राचे. लग्न झाल्यावर सुनेचे माहेरचे नाव पुसून नवे ठेवण्याची रीत आपल्या घरांतून तरी आता जावी. ती ज्या नावाने शिकली, त्या नावानेच जगू द्या.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असा तो निर्णय. पाटी बदलली, चांगले झाले. पण पाटी बदललेल्या भीमनगरात पाण्याची टाकी शेवटी येते आणि स्मशानाचा रस्ता वादात असतो, तोवर ते नामांतर अर्धेच आहे. नाव हे वचन असते. समतानगर म्हटले की समता द्यावी लागते. अशोक नाव ठेवले की शोक करत बसता येत नाही.

आपल्या लेखकांनी ही लाज कधीच ओलांडली आहे. दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली 'बलुतं' लिहिताना त्यांनी त्या दगडूला लपवले नाही, त्यालाच समोर बसवून बोलते केले. अण्णा भाऊ साठे जन्माने तुकाराम. इंदापूरच्या जवळच फलटणला राहिलेल्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहून आपल्या वाड्यातल्या बायकांना इतिहासात आणले. पुस्तक लिहिणे सगळ्यांना जमणार नाही. पण एक वही घालणे प्रत्येक घराला जमते.

म्हणून आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारी विहारातून परतल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. दोनशे पानी वही घ्या. आजोबा, पणजोबा, आजी, पणजी, माहेर, सासर, मूळ गाव, हाक मारायचे नाव आणि कागदावरचे नाव, सारे लिहा. नाव कसे पडले ते विचारा. कुणी बदलले, कधी बदलले, ते लिहा. दीक्षा कुणी, कुठे घेतली ते लिहा. ज्या पोरांना बौद्ध नाव दिले आहे त्यांना त्या नावाची गोष्ट सांगा. पुढचे बाळ येईल तेव्हा राशीचे अक्षर विचारायला जाऊ नका. त्रिसरण-पंचशील घेऊन अर्थ असलेले नाव ठेवा आणि तो अर्थ वहीत लिहून ठेवा. म्हातारी माणसे एकेक करून चालली आहेत. त्यांच्याबरोबर जे नाव जाईल ते कोणत्याही अभिलेख कक्षात सापडणार नाही.

वालचंदनगरच्या त्या घरातली अडचण पुढे सुटली. आबांच्या थोरल्या भावाचे शाळेचे रजिस्टर सापडले, गावातील दोन वृद्धांनी प्रतिज्ञापत्र दिले, आणि धोंडी व अशोक एकच असल्याचे मान्य झाले. नातीचा फोन आला होता. तिने एक वही घातली असून पहिल्या पानावर लिहिले आहे, "माझे आजोबा धोंडी ऊर्फ अशोक, पणजोबा केरू, पणजी चांगुणा." चांगुणाच्या सासूसाठी तिने एक ओळ मोकळी ठेवली आहे. त्या गावातल्या एखाद्या म्हातारीला अजून आठवत असेल, म्हणून ती दिवाळीच्या सुटीत तिकडे जाणार आहे.

आपल्या घरातल्या मोकळ्या ओळी किती आहेत, ते मोजायला आजपासून लागा.

जय भीम!